हेडफोनमधली खरखर

एखादा उत्तम प्रतीचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्या. हेडफोन कानाला लावा, पण गाणे लावू नका. आता आवाजाचे बटण हळूहळू वाढवत न्या. खरे तर काहीच ऐकू यायला नको, कारण आपण आत काही पाठवलेलेच नाही. तरीही ऐकू येते. कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घूंऽऽ चालू असते, कुठे बारीक पावसासारखी सूं सूं असते, तर कुठे मधूनच कडकड किंवा खरखर उमटते. खोलीच्या कोपऱ्यातल्या लाउडस्पीकरमध्ये हे आवाज विरून जातात. हेडफोन मात्र थेट कानावर बसतो, म्हणून त्यात लपवाछपवी चालत नाही. अ‍ॅम्प्लिफायर जितका चांगला आणि हेडफोन जितका संवेदनशील, तितका हा नको असलेला आवाज अधिक बोचतो.

दुरुस्ती करणाऱ्याचा प्रश्न साधा असतो. हा आवाज येतो कुठून आणि घालवायचा कसा? गेल्या सुमारे दीडशे वर्षांत हाच प्रश्न अनेकांनी विचारला. त्यांतले बहुतेक टेलिफोन आणि रेडिओ कंपन्यांत काम करणारे साधे नोकरदार अभियंते होते. त्यांना विश्वाचे कोडे उलगडायचे नव्हते, ग्राहकांच्या तक्रारी कमी करायच्या होत्या. पण खरखरीचा माग काढता काढता इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार, अणुरेणूंची थरथर, आकाशगंगेचे केंद्र आणि विश्वाचा जन्मकाळ इथपर्यंत ते पोहोचले. हा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे. प्रयोगात ‘नको असलेले’ काही दिसले की त्याचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या वर्गातही रोजच येतो.

टेलिफोनच्या तारेवरचे पाहुणे

ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट घेतले. सुरुवातीला टेलिफोनसाठी एकच तार ओढत. विद्युतप्रवाहाचा परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग करत. तारायंत्रासाठी ही पद्धत चालून गेली होती, कारण तिथे फक्त ‘कट्ट कड कट्ट’ ओळखायचे असते. टेलिफोन मात्र अतिशय नाजूक कान निघाला. शेजारच्या तारेवरचे तारायंत्राचे ठोके, दुसऱ्याच कोणाचे तरी संभाषण, असे सारे त्यात ऐकू येऊ लागले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि त्यांचा प्रवाहही जमिनीतूनच परतू लागला. मग टेलिफोनवर बोलणे अवघड होऊन बसले.

यावरचा उपाय म्हणजे जमिनीचा नाद सोडून परतीसाठी दुसरी तार टाकणे. या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, तर बाहेरून येणारा उपद्रव दोघींवर जवळजवळ सारखाच होतो आणि फरक घेताना तो वजा होऊन जातो. अशा जोडतारेचे पेटंट बेल यांनीच १८८१ मध्ये घेतले. आज संगणकाच्या जाळ्याची केबल सोलून पाहिली, तर आत हीच पिळलेली जोडी दिसते.

हेडफोनमधल्या ‘घूं’चे कूळ हेच. आपल्याकडे घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत शिरले की ५० हर्ट्झचा खोल आवाज येतो. विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करताना धारित्र म्हणजे कपॅसिटर म्हातारा झाला असेल, तर १०० हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक वरचा आवाज येतो, कारण तिथे आवर्तनाचे दोन्ही अर्धभाग वापरलेले असतात. गाण्याचा कान असलेल्या माणसाला हा फरक उपकरणाशिवाय कळतो. तिसरी शक्यता ‘अर्थिंगच्या फेऱ्या’ची. टेपरेकॉर्डर किंवा संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर ही दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली असली आणि केबलच्या जाळीदार आवरणाने ती पुन्हा एकमेकांना जोडली गेली, तर एक मोठा बंद फेरा तयार होतो. त्यातून फिरणारा मुख्य विजेचा अंश संगीतात मिसळतो. एकाच तारेच्या जुन्या टेलिफोनमध्ये जे घडत होते, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. येथे एक इशारा द्यायलाच हवा. घूं घालवण्यासाठी काही लोक प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज जातो खरा, पण उपकरणात बिघाड झाल्यास जीव वाचवणारी वाटही जाते. हा उपाय कधीही करू नये.

खंदकातले हेडफोन

पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर वापरले गेले. जमिनीत काही अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा आणि हेडफोन कानाला लावायचा. जमिनीत पाझरलेले संभाषण ऐकू येई. जर्मनीत हे काम हाइनरिश बार्कहाउझेन यांच्याकडे होते. पण काही वेळा संभाषणाऐवजी एक विलक्षण शीळ ऐकू येई. वरच्या पट्टीत सुरू होऊन एक-दोन सेकंदांत खाली घसरत जाणारी. तोफगोळे उडत असल्याचा आवाज ऐकू येतो, असे सैनिक म्हणत.

बार्कहाउझेन यांनी १९१९ मध्ये ही शीळ नोंदवून प्रसिद्ध केली. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष आहे असे म्हणून ती सोडून दिली नाही. तिचा पूर्ण उलगडा मात्र १९५३ मध्ये केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी केला. वीज चमकते तेव्हा सर्व कंपनसंख्यांच्या रेडिओलहरी एकदम निघतात. त्यांतल्या काही पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या वाटेने हजारो किलोमीटर उंच जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत उच्च कंपनसंख्येच्या लहरी पुढे जातात आणि कमी कंपनसंख्येच्या रेंगाळतात. म्हणून एका कडाडण्याची घसरती शीळ होते. त्या शिळेच्या घसरणीवरून तितक्या उंचीवर इलेक्ट्रॉन किती आहेत हे काढता आले. ते आधीच्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. कृत्रिम उपग्रह अजून आकाशात गेलेले नसताना हे ज्ञान एका हेडफोनने मिळवून दिले. पुढे भारतातही बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी गुलमर्ग, नैनिताल आणि वाराणसी येथे अशा शिळांचा अभ्यास केला.

त्याच वर्षी, १९१९ मध्ये, बार्कहाउझेन यांनी हेडफोनमधून आणखी एक खरखर ऐकली. लोखंडाच्या तुकड्याभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडले आणि लोहचुंबक हळूहळू जवळ आणला. लोखंडाचे चुंबकन संथपणे, एकसारखे वाढेल असे आपल्याला वाटते. पण हेडफोनमध्ये वाळू ओतल्यासारखी खरखर ऐकू आली. लोखंडातील चुंबकीय भाग एकेक करून, झटक्याझटक्याने दिशा बदलतात याचा तो पुरावा होता.

पत्र्यावरचा पाऊस

समजा, आपण उत्तम कपॅसिटर घातले, केबल पिळल्या, अर्थिंग नीट केले. घूं गेली. आता फक्त ‘सूं सूं’ उरली. आणखी चांगले भाग वापरून तीही घालवता येईल का? हा प्रश्न जर्मनीत सीमेन्स कंपनीसाठी काम करणाऱ्या वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्ये अतिशय काटेकोरपणे विचारला. त्या वेळी व्हॉल्व्ह एकापुढे एक जोडून हवे तितके वर्धन करता येईल, असे अभियंत्यांना वाटू लागले होते. शॉट्की म्हणाले की सगळे बाहेरचे दोष दूर केले तरी दोन आवाज उरतीलच. एक उष्णतेचा आणि दुसरा विद्युतप्रवाह कणांचा बनलेला आहे म्हणून येणारा.

दुसरा आधी पाहू. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतो तेव्हा तडतड होते, कारण पाणी थेंबाथेंबाने पडते. तेवढेच पाणी धुक्यासारख्या बारीक तुषारांनी पडले, तर तडतड जवळजवळ ऐकू येत नाही. मोठमोठ्या थेंबांनी पडले, तर कान किटतात. म्हणजे एकूण पाणी किती पडले आणि तडतड किती झाली ही दोन्ही मापे ठाऊक असतील, तर छपराखाली बसूनच थेंबाचा आकार सांगता येईल. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन असेच एकेक करून, स्वैरपणे धनाग्रावर आदळतात. सरासरी प्रवाह आणि त्यातला चढउतार मोजला की ‘थेंबाचा आकार’, म्हणजे एका इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार काढता येतो. शॉट्की यांनी या परिणामाला बंदुकीच्या छर्ऱ्यांवरून नाव दिले. १९२५ मध्ये अमेरिकेत हल आणि विल्यम्स यांनी ही मोजणी केली आणि मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रसिद्ध प्रयोगात काढलेल्या मूल्याशी जुळणारे उत्तर त्यांना मिळाले. खरखर मोजून इलेक्ट्रॉनचा भार मिळाला!

स्वस्थ पडलेला रोधक

उष्णतेच्या आवाजाची गोष्ट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडली. त्यातले दोन नायक, जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट, दोघेही स्वीडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत येऊन शिकलेले. दोघांनीही १९१७ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली होती.

अ‍ॅम्प्लिफायरमधली ‘सूं सूं’ व्हॉल्व्हमधून येते अशी सर्वसाधारण समजूत होती. जॉन्सन यांना मोजताना वेगळेच दिसले. व्हॉल्व्ह तोच ठेवून त्याच्या प्रवेशाशी जोडलेला रोधक बदलला की आवाज बदलत होता. रोधकातून कोणताही प्रवाह सोडलेला नव्हता. तो नुसता पडून होता. त्यांनी कार्बन, तांबे, प्लॅटिनम, इतकेच नव्हे तर क्षारांची द्रावणे यांचे रोधक करून पाहिले. रोध सारखा असेल, तर आवाज सारखाच. पदार्थ कोणता, आकार कसा, याने फरक पडेना. फरक पडत होता तो रोधाच्या मूल्याने आणि तापमानाने. रोधक थंड केला की आवाज कमी होई.

नायक्विस्ट यांनी याची उपपत्ती दिली ती मोठी मजेशीर आहे. समान रोधाचे दोन रोधक, एक तांब्याचा व एक कार्बनचा, सारख्याच तापमानाला ठेवून तारांनी एकमेकांना जोडले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक जण आपल्या थरथरीतून दुसऱ्याला थोडी ऊर्जा पाठवतो. आता तांब्याचा रोधक कार्बनपेक्षा जास्त ऊर्जा पाठवत असेल, तर कार्बन आपोआप तापत जाईल आणि तांबे थंड होईल. पण सारख्या तापमानाच्या दोन वस्तूंमध्ये उष्णता अशी आपणहून एकीकडे वाहत नाही, असे उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. म्हणून दोघांनी पाठवलेली ऊर्जा सारखीच असली पाहिजे. पदार्थाचा संबंध येतच नाही! १९२८ मध्ये दोघांचे निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या एकाच अंकात लागोपाठ आले. व्होल्टेजचा वर्ग = ४ × बोल्ट्झमनचा स्थिरांक × निरपेक्ष तापमान × रोध × कंपनसंख्येचा पट्टा, असे ते सूत्र आहे. जॉन्सन यांनी उलटा हिशेब करून त्यावरून बोल्ट्झमनचा स्थिरांक काढला. तो खऱ्या मूल्यापासून सुमारे ८ टक्क्यांनी चुकला, पण एका अ‍ॅम्प्लिफायरच्या खरखरीतून वायूंच्या रेणूंचा स्थिरांक निघाला हेच मोठे होते. २०१९ मध्ये एककांच्या नव्या व्याख्या झाल्या आणि या स्थिरांकाचे मूल्य कायमचे ठरवले गेले. त्यासाठी वापरलेल्या मोजमापांत रोधकाच्या खरखरीवरून केलेले अत्यंत अचूक मापनही होते.

आपल्या हेडफोनसाठी हिशेब करू. रोध १० किलोओहम, तापमान ३०० केल्विन म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस, आणि ऐकू येणारा पट्टा २०,००० हर्ट्झ धरला, तर व्होल्टेज सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट येते. पुण्याच्या थंडीतल्या १२ अंशांपासून उन्हाळ्यातल्या ४२ अंशांपर्यंत गेलो, तर ते फक्त ५ टक्क्यांनी वाढते. कारण निरपेक्ष तापमान २८५ वरून ३१५ होते आणि व्होल्टेज त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. रोधक द्रवरूप नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला बुडवला तरी आवाज निम्माच होतो. किंमत कितीही मोजा, या पायरीखाली जाता येत नाही. रोध कमी करणे हा मात्र खरा उपाय आहे. म्हणून चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रवेशाजवळ आकडेमोड करून लहान मूल्यांचे रोधक वापरतात.

याच प्रयोगशाळेत १९२७ मध्ये हॅरॉल्ड ब्लॅक यांनी अ‍ॅम्प्लिफायरचे निर्गत उलटे करून थोडे प्रवेशाकडे परत देण्याची, म्हणजे ऋण पुनर्भरणाची युक्ती शोधली. तिने आवाजाची विकृती कमालीची घटली. पण परत येणारा अंश वाटेत रेंगाळला, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच गाऊ लागतो. तो केव्हा गाईल याचा नियम १९३२ मध्ये पुन्हा नायक्विस्ट यांनीच दिला. मात्र प्रवेशाच्या रोधकातील थरथर ब्लॅक यांच्या युक्तीनेही जात नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने ती थरथर आणि गाणे यांत काही भेद नसतो.

शोध घेण्याची रीत

आता दुरुस्तीकडे वळू. जाणकार माणूस अ‍ॅम्प्लिफायर उघडून हाताला येईल तो भाग बदलत बसत नाही. तो आधी आवाजाचे बटण शून्यावर आणतो. आवाज तसाच राहिला, तर तो बटणाच्या पुढच्या भागात, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा शेवटच्या टप्प्यात आहे. कमी झाला, तर मागच्या भागात. मग तो टेपरेकॉर्डरची केबल काढतो. घूं गेली, तर अर्थिंगच्या फेऱ्याचा संशय. प्रवेशाची दोन टोके एकमेकांना जोडून तो रोध शून्य करतो. सूं सूं घटली, तर ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या बाजूची होती. बटण फिरवतानाच खरखर झाली, तर बटणातल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आहे. प्रत्येक वेळी तो एकच गोष्ट बदलतो आणि काय झाले ते लिहून ठेवतो.

वेळ लिहून ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका उपकरणात ठरावीक अंतराने खरखर उठे. तिच्या वेळा कागदावर मांडल्या तेव्हा शेजारच्या खोलीतल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या वेळांशी त्या जुळल्या. उपकरण उघडावेच लागले नाही. असाच एक कागद आता आपल्याला पृथ्वीबाहेर नेणार आहे.

दररोज चार मिनिटे आधी

कार्ल जान्स्की १९२८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी बेल प्रयोगशाळेत लागले. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओने टेलिफोन जोडण्याचे काम चालू होते आणि त्यात कुठली खरखर आड येते ते शोधण्याचे काम त्यांना मिळाले. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे त्यांनी मोटारीच्या चाकांवर फिरणारा मोठा अँटेना बांधला. तो २० मिनिटांत एक फेरी मारी आणि १४.६ मीटर तरंगलांबीच्या लहरी टिपे. जान्स्की यांनी आवाजांची तीन गटांत वर्गवारी केली. जवळची वादळे, दूरची वादळे आणि एक मंद, सततची सूं सूं, जिचे मूळ कळत नव्हते.

पहिले दोन गट कंपनीला पुरेसे होते. तिसरा आवाज अगदी क्षीण होता. पण जान्स्की यांनी त्याच्याही दिशेची आणि वेळेची नोंद वर्षभर ठेवली. सुरुवातीला तो सूर्याच्या दिशेने येतो असे वाटले. मग महिन्यामहिन्याला तो सूर्यापासून दूर सरकू लागला. त्याचा जोर २४ तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येत होता. नक्षत्रे रोज चार मिनिटे आधी उगवतात हे आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्याला ठाऊक असते. खगोलशास्त्र जाणणाऱ्या एका सहकाऱ्याच्या मदतीने जान्स्की यांनाही ते उमगले. जी गोष्ट ताऱ्यांचे घड्याळ पाळते, ती पृथ्वीवरची नाही आणि सूर्यावरचीही नाही. दिशा निघाली धनू राशीची, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राची. १९३३ च्या मे महिन्यात ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली.

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा झाला. मात्र त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. १९३७ मध्ये ग्रोट रीबर नावाच्या तरुण अभियंत्याने स्वतःच्या घराच्या आवारात सुमारे ९ मीटर व्यासाची तबकडी उभारून ते काम पुढे नेले. जान्स्की १९५० मध्ये अवघ्या ४४ व्या वर्षी वारले. आज रेडिओलहरींच्या तीव्रतेच्या एककाला त्यांचे नाव आहे.

कबुतरे, ओव्हन आणि खोडद

त्याच होल्मडेलमध्ये १९६४ साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना एका शिंगासारख्या अँटेनात जादा खरखर आढळली. नायक्विस्ट यांच्या सूत्राप्रमाणे खरखर तापमानाच्या भाषेत सांगता येते, तशी ती सुमारे ३.५ केल्विन भरली. त्यांनी द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या, ज्ञात तापमानाच्या वस्तूशी तुलना करून अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष असल्याची खात्री केली. अँटेना न्यूयॉर्क शहराकडे वळवला. सांध्यांवर पट्ट्या लावल्या. आत राहणाऱ्या कबुतरांना हुसकावले आणि त्यांची विष्ठा साफ केली. खरखर दिशा बदलेना, ऋतू बदलले तरी कमी होईना. अखेर जवळच्याच प्रिन्स्टनमधील रॉबर्ट डिक यांच्या गटाशी गाठ पडल्यावर उलगडा झाला. विश्व एके काळी अतिशय तप्त होते त्याचा हा उरलेला ओसरता प्रकाश होता. १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

अशा गोष्टी ऐकल्या की प्रत्येक खरखरीत विश्वाचे रहस्य शोधावेसे वाटते. म्हणून उलट बाजूचेही एक उदाहरण हवे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून रेडिओलहरींचे क्षणिक झोत नोंदले जात. ते दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या झोतांसारखे दिसत. पण ते मुख्यतः दिवसा, माणसे कामावर असतानाच येत. २०१५ मध्ये कारण सापडले. आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार कोणी वेळ संपण्याआधी उघडले की ते उमटत! मात्र २००७ मध्ये जाहीर झालेला त्याच दुर्बिणीतला दुसरा एक झोत या कसोटीतून पार पडला. तो खरोखर अतिशय दूरचा होता. दोन्ही निकाल एकाच रीतीने लागले.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरवेव्ह दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. मीटर तरंगलांबीच्या लहरींमध्ये माणसाचा गोंगाट कमी असावा म्हणून प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली. तिथेही विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या ही जुनी डोकेदुखी आहे. अशा ठिणग्या शोधणे आणि त्यांचा परिणाम गाळणे हा तिथल्या कामाचा नित्याचा भाग आहे. याच दुर्बिणीने घेतलेल्या स्पंदकांच्या नोंदी युरोपीय नोंदींशी जोडून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या वैश्विक गुणगुणीचा पुरावा मांडण्यात आला. ती गुणगुण दिसण्यासाठी प्रत्येक स्पंदकाची आणि प्रत्येक दुर्बिणीची स्वतःची खरखर आधी ओळखावी लागली.

वर्गात काय करता येईल?

बार्कहाउझेन यांचा खरखरीचा प्रयोग शाळेत सहज होतो. बारीक लेपित तारेचे काही हजार फेऱ्यांचे वेटोळे करा. जुन्या रिलेमधले वेटोळेही चालेल. त्यात मऊ लोखंडाचा खिळा घाला, टोके अ‍ॅम्प्लिफायरच्या माइकच्या प्रवेशाला जोडा आणि लोहचुंबक सावकाश जवळ न्या. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालणारा असेल, तर उत्तम. तरीही खरखरीबरोबर थोडी घूं ऐकू येईलच. ती वेटोळ्यात शिरलेली घरातली वीज आहे. वेटोळे खोलीत इकडे तिकडे फिरवून, दिशा बदलून ती कुठे वाढते ते मुलांना शोधू द्या. मग खिळा काढून तांब्याची कांडी घाला. चुंबक हलवताना होणारी खरखर नाहीशी होते का, आणि घूं उरते का? यातला एक आवाज लोखंडाचा आणि दुसरा बाहेरचा हे मुलांना आपोआप कळेल.

आणखी एक सूचना प्रात्यक्षिकांच्या वह्यांबद्दल. दहा वाचनांतले एक बाकीच्यांशी जुळले नाही की आपले विद्यार्थी ते खोडरबराने पुसतात. नववे वाचन पाहून दहावे लिहिणारेही असतात. परीक्षेत गुण ‘बरोबर’ उत्तराला मिळतात, त्यामुळे त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण निदान एका प्रयोगापुरता नियम बदलून पाहावा. न जुळणारे वाचन पुसायचे नाही. त्याच्यापुढे वेळ लिहायची, त्या वेळी काय वेगळे होते ते लिहायचे, ते वाचन पुन्हा घ्यायचे आणि नेमकी एकच गोष्ट बदलून पाहायची. बहुतेक वेळा कारण सैल स्क्रू किंवा पंख्याचा वारा हेच निघेल. ते शोधून काढणाऱ्यालाही पूर्ण गुण द्यावेत.